पोचपावती

८ जुलै २००१, रविवार

संजीवच्या ऑफिसने जानेवारीत दिलेली ही डायरी सहा महिने फोनखाली पडून होती. आज उघडली, कारण आज काहीतरी घडलंय आणि सांगायला घरात कुणी नाही. संजीव मंडळाच्या मीटिंगला गेलाय. प्रीता पंधरा वर्षांची आहे, म्हणजे घरात असून नसल्यासारखी.

इथे शिकागोत डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानात आमसुलं घ्यायला गेले होते. शेजारी माझ्याच वयाची, म्हणजे पंचेचाळिशीची एक बाई पाकीट उलटसुलट करून बघत होती. स्वतःशीच म्हणाली, "ही काय आमसुलं, नुसती सालपटं." परक्या देशात मराठीतून नावं ठेवणारं माणूस भेटलं की मला बरं वाटतं. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात चांगली मिळतात. तिथून जे बोलत सुटलो ते चहा घेत दोन तास. तिचं मराठी ऐकत राहावं असं आहे. एका वाक्यात 'न्याहारी' म्हणते आणि पुढच्यात 'फिकीर नको'.

"तुमचं गाव कुठलं?" मी विचारलं.

"आईचं माहेर देवगड. मी कराचीची."

मला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती. तिचे आजोबा बंदरात नोकरीला म्हणून कराचीला गेले, फाळणीनंतर परत यायचं राहूनच गेलं. अजून तिथे थोडी मराठी घरं आहेत म्हणे, गल्लीत गणपती बसतो, आरत्याही आपल्याच. पासपोर्ट पाकिस्तानी आणि देव्हाऱ्यात खंडोबा. नाव शोभना. इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, मिस्टर टॅक्सी चालवतात.

शाळेत इतिहासात मी वर्गात पहिली असायचे. पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

१६ जुलै, सोमवार

आग्र्यात दोन्ही देशांची बोलणी चालू आहेत. संजीव ऑफिसातून आला की टीव्हीला चिकटतो. काल शोभना जेवायला आली होती, तीही बघत बसली. मध्येच म्हणाली, "हे हसले की आमच्या घरी आई पेटी भरायला घेते. मग हे रुसतात, की आई पेटी रिकामी करते."

मग तिने आईची गोष्ट सांगितली. सोळाव्या वर्षी लग्न करून बोटीने कराचीला गेली. पाठचा एकच भाऊ, देवगडला. शेवटची भेट चौसष्ट साली. आता आई त्र्याहत्तर, मामा सत्तर. मामाला दम्याने बेजार केलंय. व्हिसा मिळायचा तर इकडच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं की ही माझी पाहुणी, आणि त्यावर मोठ्या सरकारी अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागतो. मामा दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतोय. पाकिस्तान म्हटलं की कुणी पेन उचलत नाही.

आणि आमचा गुरुदादा तिथेच कणकवलीला प्रांत आहे. माझा सख्खा भाऊ. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "हे काम झालं समज. मी शब्द देते."

शोभना उठून सिंकमधली भांडी घासायला लागली. पाहुणीने भांडी घासू नयेत म्हणून मी ओढलं, तर तिचे डोळे भरलेले.

(रात्री कळलं, आग्र्याचं फिसकटलं. आमचं फिसकटणार नाही.)

५ ऑगस्ट, रविवार

दादाने किती आढेवेढे घ्यावेत. तीनदा फोन केला तेव्हा कबूल झाला. म्हणे, मामाची चौकशी करीन, सगळं बरोबर असेल तर सही देईन, पण एकदाच. एका माणसासाठी दुसऱ्यांदा दाखला देता येत नाही. शिवाय कागद कराचीला किंवा शोभनाच्या पत्त्यावर पाठवणार नाही, बहिणीच्या पत्त्यावर पाठवीन. सरकारी माणूस, त्याचं बरोबर आहे. शोभना नोव्हेंबरच्या विसाला कराचीला जाते आहे, ती स्वतः घेऊन जाईल. आई अर्ज करेल आणि जानेवारीत देवगड.

मंडळात शोभनाची ओळख करून दिली. राधिकाने विचारलं, "कुठल्या?" मी पटकन म्हटलं, "मुंबईच्या." संजीव यंदा अध्यक्षपदाला उभा आहे, उगाच चर्चा कशाला. गाडीत शोभनाला सांगितलं की आत्ता एवढंच चालू दे. तिने मान हलवली. निदान मला तरी हलवलेली वाटली.

२६ ऑगस्ट, रविवार

तिथी काहीही असो, आमच्या गौरी शनिवार-रविवारीच जेवतात. सासूबाईंनी दिलेले पितळी मुखवटे वर्षभर माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात असतात. काल प्रीताने न सांगता डबा उतरवला, गौरींना साड्या नेसवायला मदत केली. मी मनात म्हटलं, यंदा सगळं छान होणार.

आज हळदीकुंकवाला वीस जणी होत्या. शोभनाची ओटी मी सगळ्यांत आधी भरली. तिचं इथे कुणी नाही, म्हणून सगळ्यांसमोर म्हटलं, "ही आमची माहेरवाशीण. शिकागोतलं माहेर माझ्याकडे." तिने पदरात नारळ घेतला आणि वाकून मला नमस्कार केला. माझ्याहून थोडी मोठी असून.

मग राधिका, नेहमीची गोड राधिका, म्हणाली, "मुंबईत कुठे हो शोभनाताई? मी पार्ल्याची."

शोभना गौरींकडे बघत म्हणाली, "मी कराचीची. जन्म तिथलाच."

बायका एकदम घड्याळं बघायला लागल्या. मग कुणाला बेबीसिटरची आठवण झाली, कुणाला पार्किंगची. राधिका जाताना म्हणाली, "वहिनी, यू शुड हॅव टोल्ड अस. इश्यू ती नाहीये, तुम्ही खोटं का सांगितलंत हा आहे."

सगळ्या गेल्यावर मी शोभनाला विचारलं, का. म्हणाली, "ओटी पदरात होती गं. गौरीसमोर खोटं कसं बोलू?"

म्हणजे खोटं बोलणारी मी. जिच्यासाठी बोलले तिनेच मला चारचौघींत उघडं पाडलं. इतका विश्वासघात माझा कुणी आजवर केला नव्हता.

११ सप्टेंबर, मंगळवार

न्यूयॉर्कचे टॉवर पडले. प्रीताला शाळेतून लवकर आणलं. संजीव डाउनटाउनमधून चालत निघाला, चार तासांनी घरी पोचला. काही लिहिवत नाही.

२० सप्टेंबर, गुरुवार

सकाळी पोस्टमन आला. दादाचं रजिस्टर पाकीट. सोबतच्या गुलाबी पोचपावतीवर माझी सही घेतली आणि ती परत पाठवायला घेऊन गेला. पाकिटात मामाचं लिहून दिलेलं पत्र, थरथरत्या अक्षरात, आणि दादाचा दाखला. गोल शिक्का, जांभळी सही.

संजीवने वाचला आणि खुर्चीत बसला.

"नीलू, आपलं ग्रीन कार्ड अडकलंय, माझी नोकरी कधी जाईल सांगता येत नाही. डेव्हनवर कोण कोण येऊन चौकशा करून गेलंय ठाऊक आहे? आणि तू पाकिस्तानच्या माणसाला पेपर्स पोचवणार? पाकिटावर आपला पत्ता आहे. थोडे दिवस थांब यार."

थोडे दिवस. देत नाही असं मी म्हटलेलं नाही. मंडळाची निवडणूकही परवा आहे. पाकीट कुठे ठेवावं कळेना. प्रीता सगळे ड्रॉवर उपसते. शेवटी मुखवट्यांच्या डब्यात, वरच्या मखमलीखाली ठेवलं. देवाजवळ सुरक्षित राहील.

२३ सप्टेंबर, रविवार

संजीव अकरा मतांनी पडला. कुणी काही बोललं नाही, पण राधिकाच्या नवऱ्याने हात मिळवताना माझ्याकडे बघितलं नाही. हे कुणामुळे झालं ते मला कळतं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

शोभनाचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "कागद आला का?"

माझ्या तोंडून गेलं, "नाही गं. त्या ॲन्थ्रॅक्सच्या पावडरीमुळे पोस्टाचा सगळा घोळ झालाय." टीव्हीवर तेच चाललं होतं, म्हणून आलं तोंडात.

"बराबर आहे," ती म्हणाली. "येईल. फिकीर नको."

फोन ठेवल्यावर मला तिचाच राग आला. आपण कुणाला कशात अडकवतो याचा माणसाने विचार करावा की नाही? मी आयुष्यात कधी सरळ वाट सोडली नव्हती. तिच्या ओळखीपासून दोनदा खोटं बोलले.

दादानेही गेल्या आठवड्यात विचारलं होतं. त्याला "मिळाला, दिला" म्हटलं. म्हणजे तीनदा.

१४ नोव्हेंबर, बुधवार. लक्ष्मीपूजन

शोभना अनारसे घेऊन आली. मोठा स्टीलचा डबा. जाळी अशी सुरेख पडली होती की पुण्यातसुद्धा पडत नाही. संजीवने आतूनच हाय केलं.

ती दारातच उभी राहिली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "नीलांबरी, कागद आला का?"

मी म्हटलं, नाही.

"आला असेल तर सांग. द्यायचा नसेल तरी सांग. मी रागावणार नाही. आईला काहीतरी सांगावं लागेल ना. ती पेटी भरून बसली आहे."

"आला असता तर तुला सांगितलं नसतं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतंस."

संशय, दुसरं काय. सणासुदीला दारात येऊन माझ्यावर संशय. मी तिला ओटी भरून माहेरवाशीण केलं, भावाकडे शब्द टाकला, आणि ती माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघते. अनारसे मी खाल्ले नाहीत. प्रीताने एकटीने सहा खाल्ले.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी फोन. "उद्या निघते. कागद आला का?"

"नाही."

"बरं. देवीला माझा नमस्कार सांग."

कुठली देवी? गौरी तर ऑगस्टातच गेल्या. दुपारी स्टुलावर चढून डब्याला हात लावला. पाच मिनिटांत देता आलं असतं, ती राहते पुलाच्या पलीकडे. पण मग विचारलं असतं, कधी आला? तारीख तर शिक्क्यातच आहे. सकाळीच 'नाही' म्हणणारी मी दुपारी काय तोंडाने देणार होते? तिने इतक्या वेळा विचारलं नसतं तर मी देऊन मोकळी झाले असते. स्टुलावरून उतरले.

१३ डिसेंबर, गुरुवार

दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. सकाळपासून तेच दाखवताहेत. संजीव म्हणाला, "बघ. दिला नाहीस तेच बरं." मीही म्हटलं, बरं झालं. खरोखर, काय नशीब. विश्वास टाकायच्या लायकीचीच नाहीत ही माणसं.

त्र्याहत्तर वर्षांच्या बाईचा याच्याशी काय संबंध, असं मनात आलं. लगेच टीव्हीचा आवाज वाढवला.

२८ डिसेंबर, शुक्रवार

भारताने राजदूत परत बोलावला, गाडी बंद, बस बंद, एक तारखेपासून विमानंही एकमेकांच्या आकाशातून जाणार नाहीत. वकिलातीतली निम्मी माणसं माघारी. व्हिसा कोण देणार आता?

मला हलकं वाटलं. म्हणजे कागद असून नसून सारखाच झाला. आता मी दिला काय नि नाही दिला काय.

१४ जानेवारी २००२, सोमवार

ही डायरी गेल्या वर्षीची, छापलेल्या तारखा खोडून पुढे लिहिते.

संक्रांतीचं हळदीकुंकू शनिवारी ठेवलं. शोभना कराचीहून परत आली असं दुकानात कळलं, पण बोलावलं नाही. राधिका आली, अगदी गळ्यात पडली. सगळं पूर्वीसारखं झालं. तिळाच्या वड्या मात्र दगड झाल्या.

दादाला फोन केला. तो हल्ली तुटक बोलतो. "बरी आहेस ना? ठेवतो." निवृत्ती जवळ आली की पुरुषांचं असंच होतं म्हणतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

गौरी. प्रीताने डबा उतरवला, मखमल उचलली आणि पाकीट हातात घेऊन उभी राहिली.

"आई, हे शोभना मावशीच्या मामाचं लेटर ना? व्हाय इज इट हिअर?"

"पोचवायचं राहिलं."

"राहिलं? इट्स बीन अ यर."

"तुला इथलं राजकारण कळत नाही."

"राजकारण?" ती म्हणाली, आणि साडीच्या निऱ्या तशाच टाकून वर निघून गेली. पोटच्या पोरीनेसुद्धा परक्या बाईची बाजू घ्यावी. गौरींना मी एकटीनेच नेसवलं. धाकटीचा पदर शेवटपर्यंत नीट बसला नाही.

ओटीला शोभनाला बोलावलं नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं तर पायरीवर एक नारळ, खण आणि फुलपुडी. चिठ्ठी नाही. माहेरवाशीणच ओटी ठेवून गेली, असा उलटा प्रकार मी कधी पाहिला नव्हता. बोलावलं नाही तर मानाने घरी बसावं. मला खिजवायला ठेवून गेली, नाहीतर काय.

९ मार्च २००३, रविवार

डेव्हनच्या पश्चिमेकडची बरीच दुकानं बंद पडली आहेत. सरकारने पाकिस्तानी पुरुषांना नोंदणीला बोलावलंय, त्या भीतीने घरंच्या घरं रातोरात कॅनडाला गेली म्हणे. शोभनाच्या घरचे मात्र इथेच आहेत. भाजी घेताना ती दिसली. केस एकदम पांढरे.

मीच बोलले. "कशी आहेस?"

"मामा गेला," ती म्हणाली. "गेल्या रविवारी."

"वय झालं होतं," म्हटलं.

"बहात्तर."

मग तिने माझ्या पिशवीतून घरंगळलेलं लिंबू उचलून परत ठेवलं आणि गेली. मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल. तिला काही वाटत नसावं. आम्ही पुण्याची माणसं फार मनाला लावून घेतो.

घरी येऊन भात लावला आणि कुकर गॅसवर ठेवायचा विसरले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ग्रीन कार्ड आलं. संजीवने पेढे आणले, वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, तुमच्या फाइलमध्ये कधीच काही प्रॉब्लेम नव्हता, फक्त रांग मोठी होती.

दोन वर्षं मी कशाला घाबरले होते? संजीवला विचारलं, तुला तो देवगडचा कागद आठवतो का? तो म्हणाला, "कुठला कागद?" खरंच विसरला होता. त्याच्यावर सगळ्यांत जास्त राग आला. थांब म्हणणारा तो, आणि कागदाबरोबर दोन वर्षं राहिले मी.

२ मे २००४, रविवार

यंदा विमानं सुरू झाली, गाडी सुरू झाली. क्रिकेटची टीम तिकडे जाऊन जिंकूनसुद्धा आली. लोक लाहोरच्या पाहुणचाराच्या गोष्टी सांगताहेत. दोन्ही देश असे वागताहेत की मध्ये काही झालंच नव्हतं.

आणि दादाच्या बायकोकडून कळलं, शोभनाची आई देवगडला जाऊन आली. मामाच्या मुलाने कागद केले. दादा निवृत्त झालाय, तरी स्वतः स्टेशनवर घ्यायला गेला होता. मला कुणी सांगितलं नाही. माझा सख्खा भाऊ.

बरं झालं, गेली एकदाची. म्हणजे कागदावाचून काही अडलं नाही.

२५ सप्टेंबर, शनिवार

यंदा मीच शोभनाला फोन केला. म्हटलं, झालं गेलं विसरू, गौरीला ये. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "येते."

सगळ्या गेल्यावर आली. मुद्दाम उशिरा. गौरींना हळदकुंकू वाहिलं, बराच वेळ हात जोडून उभी होती. मी तबक आणलं. तांदूळ, खण, नारळ, चांगली साडी काढून ठेवली होती. म्हटलं, "ये, ओटी घे."

"यंदा नको," ती म्हणाली. "आईने देवगडला माझ्या नावची भरून घेतली. खऱ्या माहेरची. आता दुसरी कशाला."

मी तबक हातात घेऊन तशीच. मग तिने पर्समधून एक गुलाबी कार्ड काढलं आणि तबकात तांदळावर ठेवलं. रजिस्टरची पोचपावती. वर माझी सही, नीलांबरी, शेवटच्या वेलांटीला शेपूट काढते तशी. खाली तारीख, २० सप्टेंबर २००१.

"हे परत गेलं तेव्हा तुझ्या दादाने मामाला दिलं. कागद पोचला, आता बहीण येणार. मामाने त्या दिवाळीला माजघराला चुना काढून घेतला. आईसाठी नवी खाट केली. गेला तोपर्यंत त्या खाटेवर कुणाला बसू दिलं नाही म्हणे. दम लागला तरी स्वतः खाली चटईवर बसायचा. आई आता गेली तेव्हा त्याच खाटेवर पंधरा दिवस झोपली." ती अगदी हळू बोलत होती, लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवतात तशी. "हे कार्ड मामाच्या उशाखाली होतं. त्यावर तुझी सही आहे, म्हणून तुझ्याकडे द्यायला आणलं."

"तुला कधी कळलं?"

"मामाचं पत्र कराचीला पोचलं तेव्हा. आईने फोन केला. त्या साली दिवाळीच्या चार दिवस आधी."

म्हणजे अनारसे आणले तेव्हा. माझा हात धरून विचारलं तेव्हा.

"मग सरळ मागितला का नाहीस?"

ती म्हणाली, "मागितला की."

"पुढे दादाकडून दुसरा घ्यायचा होता."

"कराचीहून त्यांना फोन केला होता. म्हणाले, नियम नाही, आणि बहिणीला विचारायची मला लाज वाटते."

दारात चपला घालताना तिने आत बघितलं. प्रीता कॉलेजातून सुट्टीला आली आहे, ती जिन्यात उभी होती. शोभनाने तिच्या गालाला हात लावला. मला म्हणाली, "धाकटीचा पदर सरळ कर. डावीकडे ओढ बसली आहे." आणि गेली.

२६ सप्टेंबर, रविवार

झोप आली नाही. म्हणजे तिला माहीत होतं. तिच्या आईला माहीत होतं. मामाला, दादाला, वहिनीला, प्रीतालासुद्धा. तीन वर्षं सगळ्यांना माहीत होतं आणि मला एकटीला ठाऊक नव्हतं की त्यांना माहीत आहे. सगळ्यांनी मिळून मला फसवलं. एकाने तरी तोंडावर येऊन भांडायला हवं होतं. मी दिला असता. तिने सरळ शब्दांत मागितला असता तर मी त्या क्षणी स्टुलावर चढून काढून दिला असता.

सकाळी मागची पानं काढली. १९ ऑक्टोबर. १४ नोव्हेंबर. १९ नोव्हेंबर. तिन्ही पानांवर माझ्याच अक्षरात, अवतरणचिन्हं घालून, तिचं वाक्य लिहिलेलं आहे. एकही शब्द इकडेतिकडे नाही. त्याच्याखाली तिन्ही वेळा मी तिच्यावर रागावले आहे.

खाट कुठल्या लाकडाची असेल? आंबा किंवा फणस. तिकडे फणसाची करतात.

दुपारी गौरींचं विसर्जन झालं. प्रीताने मुखवटे पुसून डब्यात ठेवले. जुनं पाकीट आणि वर ते गुलाबी कार्ड, दोन्ही हातात धरून तिने विचारलं, "आई, हे कुठे ठेवू?"

मी डब्याकडे बोट केलं. तिने मखमलीखाली ठेवलं, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "धिस टाइम," ती म्हणाली, "तूच ठेव माळ्यावर."

स्टुलावर चढले आणि ठेवला.